कोपऱ्यातली बाई

मारधाडीच्या सिनेमाचं पोस्टर साहेबांनी पुन्हा परत पाठवलं. "आग आहे, बंदूक आहे, पण बघून पोरांच्या अंगावर काटा कुठे येतोय? कोपऱ्यातली बाई खरोखर घाबरलेली दिसली, तरच हिरो मोठा वाटतो. उद्या जमलं नाही, तर घरी बस!"

पोस्टरवाला सणकलेलं डोकं घेऊनच घरी आला. बायकोने दार उघडताच त्याने फोनवर तिचा फोटो काढला आणि रात्रीतून तिचा चेहरा पोस्टरच्या कोपऱ्यात बसवला.

सकाळी साहेब बघतच राहिले. "अरे, या तर वहिनी! काय नजर आहे! असं काय सांगितलंस त्यांना?"

त्याने कोपऱ्यातल्या त्या डोळ्यांकडे पाहिलं.

सांगितलं काहीच नव्हतं. तिने फक्त दार उघडलं होतं, आणि समोर तो उभा होता.