शिट्टीचे वजन

"अहो, कुकरची शिट्टी कुठंय?"

हिमालयातल्या तंबूत पत्नीने सामान उपसत विचारले. निवृत्त बॉयलर अभियंता असलेल्या तिच्या यजमानांनी प्रत्येक वस्तू तोलून सामान बांधले होते आणि वजन वाचवण्यासाठी शिट्टी घरीच ठेवली होती. एवढ्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून डाळीला कुकरच हवा, हे पत्नीला त्यांनीच शिकवले होते.

"पोटात काही गेलं नाही, तर उद्या खिंडीत नेणार नाही," वाटाड्याने बजावले.

पत्नीने त्यांचीच सॅक उघडून तळातून डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा काढला.

"म्हणजे हे मी वाहत होतो? मला वाटलं, हवा विरळ म्हणून धाप लागतेय!"

"विरळ आहेच," लाडू पुढे करत ती म्हणाली, "म्हणून तर डबा तुमच्या सॅकमध्ये ठेवला."