खिडकीतून विकलेलं पोर

"तोंड चुलीकडे कर," सासू म्हणाली. "विकणाऱ्या आईनं बघायचं नसतं."

मिन्नूर वळली. रात्रभर बाळ तापानं फणफणलं होतं. पहाटे सासूनं त्याला आपल्याकडे घेतलं, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला. जागी होते तो काय, सासू शमसेबानू दुलईत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन खिडकीशी उभी!

"आधीची दोन गेली ती तुमच्या गोड नावांपायी," शमसेबानू पुटपुटली. "इल्दार काय, गुलनूर काय! मरणाच्या तोंडाला पाणी सुटेल नाही तर काय? याचं नाव तुक्तार. म्हणजे थांबला. खिडकीतून जाईल आणि परक्याचं पोर होऊन दारातून येईल. मग मरणाला म्हणावं, बस शोधत!"

"मुल्ला रागावतील, आई."

"रागावू दे. आपल्या तातारांची ही रीत त्याच्या पणज्याहून जुनी आहे."

मिन्नूरला एवढंच हवं होतं, हे तिसरं तरी जगावं. त्याच्या कानामागे तीळ होता, आणि तीळ म्हणजे नशीब. तिच्या स्वतःच्या नावातल्या ‘मिन्’चा अर्थही तीळच होता.

खिडकी करकरली. बाहेर शेजारीण गैनिया उभी होती. तिचा नवरा लढाईवरून परतलाच नव्हता. मिन्नूर बाळंत झाली त्याच आठवड्यात तिला जुळे मुलगे झाले होते, आणि अंगावर दूध एकालाही पुरेना. गाठोडं तिच्या हाती गेलं.

घराला वळसा घालायला असा कितीसा वेळ लागतो? पण गैनिया येईच ना. मिन्नूरचा जीव टांगणीला लागला.

शेवटी दार वाजलं.

"पोर विकायचंय," गैनिया म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. फाटक्या शालीतलं बाळ टाहो फोडत होतं.

"कुणाचं गं?" सासूनं रीतीप्रमाणे विचारलं.

"वाटेत सापडलं. नको असेल तर नेते परत."

"नेते म्हणे! आण इकडे!" मिन्नूरला हसू आवरेना. "आई, आवाज ऐका त्याचा! ताप उतरला!"

गैनियानं बाळ तिच्या हाती दिलं आणि तोंड चुलीकडे फिरवलं.

अशा पोराची किंमत म्हणजे मूठभर कोंडा. शमसेबानूनं मात्र चुलीमागची एकुलती एक दुभती शेळी सोडून गैनियाच्या हाती दिली.

"अहो आई, शेळी कशाला? नुसती रीतच ना ही?"

"फुकटात घेतलेलं पोर टिकत नाही," सासू म्हणाली, आणि तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

मिन्नूर बाळाला घेऊन खिडकीशी बसली. ते अधाशासारखं पीत होतं. तिनं सवयीनं त्याच्या कानामागे बोट फिरवलं. मग दुसऱ्या कानामागे पाहिलं.

तीळ नव्हता.

तिनं मान वर केली. समोर गैनियानं शेळी आपल्या कुंपणाला बांधली होती, आणि ती मिन्नूरच्या घरच्या दुलईतलं ते गाठोडं छातीशी धरून टेकडीवरच्या कबरस्तानाकडे चालली होती.