एकच मुलगी, दोन हॉल

हॉलमध्ये बारा करिअर समुपदेशक होते, एक फळा होता आणि दहावी झालेली एक मुलगी होती. तिला गणितात अठ्ठ्याण्णव गुण होते. “बाबा रिक्षा चालवतात. मला गणितच शिकायचंय,” ती म्हणाली. व्यावसायिक नीतीच्या प्रशिक्षणातला हा सराव होता. प्रत्येकाने तिला एक सल्ला द्यायचा होता.

त्या बारांमधली हेमांगी मायेने म्हणाली, “बाळा, आयटीआय कर. दोन वर्षांत घराला हातभार लागेल.”

सगळ्यांचे सल्ले ऐकून मुलगी गेल्यावर प्रशिक्षक इनामदार सर म्हणाले, “हीच पोरगी आधी शेजारच्या हॉलमधल्या बारा समुपदेशकांकडे गेली होती, हेच गुण घेऊन. तिथे तिने बाबा डॉक्टर आहेत म्हणून सांगितलं.”

“सर, ही फसवणूक झाली!” मागून कोणीतरी ओरडलं.

“कोणाची?” सरांनी विचारलं आणि खडू घेऊन ते फळ्याकडे वळले.

भाजीवाल्या मावशींच्या तेजलला गणितात शहाण्णव असताना हेमांगीने मागच्याच आठवड्यात आयटीआयच करायला सांगितलं होतं. ती धावत व्हरांड्यात आली आणि फोन लावला. “तेजल, घाई करू नकोस, आधी मला भेट.”

“अय्या मॅडम, सकाळीच अकरावीची जागा सोडून आयटीआयला नाव घातलं की! आईने तुमच्यासाठी पेढे ठेवलेत.”

ती परत आली तेव्हा सरांचं लिहून झालं होतं. डॉक्टरांच्या मुलीला अकरावी सायन्सचा सल्ला: बारापैकी बारा. रिक्षावाल्याच्या मुलीला: बारापैकी दोन.