कॅप्टनची पाठ

"पाठ लिहा," अध्यक्ष म्हणाले. "पाठीचं दुखणं कोणाला दिसत नाही."

लीगच्या कचेरीत टेबलाच्या एका बाजूला तिघे होते, अध्यक्ष, सचिव आणि वकील. समोर एकटी फिजिओ, पट्ट्या-मलमांची बॅग मांडीवर घट्ट धरून. संघाच्या कॅप्टनने तिच्या अंगाला हात लावल्याची तिची तक्रार खरी आहे, हे तिघांनी सकाळीच मान्य केलं होतं. त्याने सहा सामने बाहेर बसायचं, हेही ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते लोकांना काय सांगायचं यावर. कोणताही खेळाडू सामन्याबाहेर बसणार असला की लीगमधून कारणाचा फॉर्म जातो. आठही संघांना, पेपरवाल्यांना, अगदी मैदानावरच्या मोठ्या पडद्यालाही. तो चारच्या आत पाठवायचा होता. तीन चाळीस झाले होते, आणि गेली वीस मिनिटं ही तीन मोठी माणसं एका धडधाकट गड्याला आजारी पाडायला बसली होती.

गुडघा बाद झाला, कारण परवाच गोल मारून त्याने टीव्हीवर दोन कोलांट्या उड्या घेतल्या होत्या. सचिवांनी पोट सुचवलं. "पोट बिघडलं म्हणून सहा सामने? लोक तोंडात शेण घालतील आपल्या," वकील म्हणाले. खांद्यावर थोडा खल झाला. मग पाठ निघाली आणि तिघांचेही चेहरे उजळले.

फिजिओचा उजवा पाय टेबलाखाली हलायचा थांबत नव्हता. तिने तो डाव्या पायाने दाबून धरला, तर डावा हलायला लागला.

"घ्या, भरून टाका," सचिवांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "संघाच्या फिजिओने पासवर्ड घातल्याशिवाय हा फॉर्म पुढे सरकतच नाही."

तिने पडद्यावरचं वाचलं. "यात 'खेळाडूला तपासले' असं आहे. म्हणजे मी त्याला तपासायचं? पुन्हा?"

फॉर्म फिजिओने भरायचा, हा नियम जुनाच होता. पण तक्रार करणारी आणि फॉर्म भरणारी एकच आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"तपासू नका हो," वकील म्हणाले. "तपासलं एवढं फक्त लिहा."

"त्या दिवशी हॉटेलवरसुद्धा पाठच दुखत होती त्याची," ती म्हणाली. "तेच सांगून मला खोलीवर बोलावलं होतं त्याने. तक्रारीत पहिल्याच ओळीत आहे."

सचिव घाईघाईने फाइल चाळू लागले. ओळ तिथेच होती. त्यांनी फाइल मिटली.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही मला मुलीसारख्या. यात तुमचंच झाकलं जातंय. तो बाहेर बसतोय आणि तुमचं नाव कुठे येत नाही. उद्या हे चव्हाट्यावर आलं तर त्याला लोक चार दिवस बोलतील, तुम्हाला जन्मभर. दुसरा कुठला संघ दारात उभं करेल तुम्हाला? आणि फॉर्म गेलाच नाही, तर परवा तो खेळणार. मग माझ्याही हातात काही नाही."

यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच खरी गोची होती. काल फोनवर आईही हेच म्हणाली होती, फक्त रडत रडत. पाठ लिहिली, तर सहा सामने हजारो लोक त्या पाठीसाठी हळहळणार, आणि सातव्या सामन्याला तो टाळ्यांच्या कडकडाटात उतरणार. त्याच्या पायाला पट्ट्या बांधायला हीच. काहीच लिहिलं नाही, तर त्या पट्ट्या परवाच बांधायच्या. तिला भयंकर राग आला होता, आणि रागाहून जास्त भीती वाटत होती.

तीन बावन्न झाले.

तिने लॅपटॉप जवळ ओढला. पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. ती लिहायला लागली तशी तिघांच्याही माना सैल झाल्या. सचिवांनी चहा सांगितला. वकिलांनी परवाच्या सामन्याच्या पासांचा विषय काढला, मेव्हण्याला दोन हवे होते म्हणे. टायपिंग लांबलं तेव्हा अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "अगदी सविस्तर लिहिताय वाटतं. छान."

"हो," ती म्हणाली. फॉर्म पाठवायचं बटण दाबलं, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून ठेवला आणि बॅग खांद्याला अडकवून उठली. सचिव अजून चष्मा शोधत होते.

बाहेर बाकावर कॅप्टन बसला होता, दाढीच्या दुकानात नंबर लावून बसावं तसा निवांत. तिला बघून उठला आणि त्याने हात वर करून मस्त आळस दिला.

"काय मॅडम," तो हसत म्हणाला, "कुठे दुखतंय म्हणे मला?"

ती थांबली.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "तसंच लिहिलंय. आणि बाहेर का बसायचं, तेही लिहिलंय. माझ्या नावानिशी."

दारापलीकडे सचिव मोठ्याने वाचत होते. तारीख, हॉटेल, खोलीचा नंबर. नंबरापाशी त्यांचा आवाज बसला, आणि कॅप्टनने वर केलेले हात खाली घ्यायचे राहूनच गेले.