मातीखालचा अंगठा

दगडी हत्यारांवरचे सूक्ष्म डाग तपासण्यात थोरलीची अठरा वर्षं गेली आणि हाती लागलं फक्त कंदमुळांचं पीठ. धाकटी बहीण त्याच प्रयोगशाळेत परवा आली काय आणि पहिल्याच दगडी पात्यावर तिला रक्त सापडलं काय! सर उठता-बसता धाकटीचं कौतुक करू लागले. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. थोरलीने हातमोजा काढला. त्या पात्यावर उघडा अंगठा एकदा टेकवला की नमुना बाद. मग कसलं रक्त आणि कसलं कौतुक!

टेकवण्याआधी तिने ते पातं सूक्ष्मदर्शकातून सहज पाहिलं.

पात्यावर उरलेला हजारो वर्षांचा मातीचा टणक थर धाकटीने आजच खरवडला होता. त्याखाली अंगठ्याचा तपकिरी ठसा होता. मधोमध तिरपा व्रण होता, लहानपणी चाकूने कापल्याचा. थोरलीचाच.

तिने तर अजून हातही लावला नव्हता.

"पाहिलास ना ठसा, ताई?" धाकटी हसतच आत आली. "आता गंमत ऐक. आपलं रक्त चुकून मिसळलं नाही ना, म्हणून सगळ्यांच्या रक्ताशी ताडून बघतात ना, त्याचा अहवाल आलाय. हजारो वर्षांच्या मातीखालचं ते रक्त म्हणे माझंच आहे! सर तर चक्रावलेत. खरं ठरलं तर शोधनिबंध माझ्या एकटीच्या नावावर!"

पातं आपण कधी उचललं, हे थोरलीला कळलंच नाही.

अंगठा त्या ठशावर तंतोतंत बसला होता.