दोरीवरचा टॉवेल

"जागा बघायची तर आत जायला नको का?" एजंटानं घाम पुसत विचारलं.

"नको. आधी इथंच बोलू," असं म्हणून घरमालकिणीनं गॉगल लावलेल्या माणसाला अंगणाच्या मधोमध उभं केलं.

एजंटानं डोक्याला हात लावायचाच बाकी ठेवला होता. तो माणसं आणायचा आणि ही बाई प्रत्येकाला उन्हात उभं करून नको नको ते विचारायची. हिचा स्क्रू ढिला आहे, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

बाईचा स्क्रू जागेवर होता. बोलता बोलता ती वरच्या गॅलरीकडे बघत होती. तिथं पडद्याआड तिची भाडेकरू उभी होती. शिवणकामाच्या कारखान्यात जाणारी, नवऱ्याच्या मारातून लहान मुलीला घेऊन निसटलेली. खालचा माणूस नवऱ्याच्या ओळखीतला निघाला, तर तिनं दोरीवरचा टॉवेल खाली टाकायचा, असं दोघींचं ठरलं होतं.

"वर कोण राहतं?" गॉगलवाल्यानं सहज विचारलं.

टॉवेल खाली पडला.

"जागा गेली," मालकीण म्हणाली.

"अहो, सकाळी तर रिकामी होती!" एजंट ओरडला.

"आत्ता गेली."

फाटकाबाहेर पडताना गॉगलवाल्यानं एकदा गॅलरीकडे पाहिलं.

संध्याकाळी मालकीण वर गेली, तर शिवणवाली पिशव्या भरत होती. मुलगी कोपऱ्यात बाहुलीला जेवू घालत होती.

"काकू, तो ह्यांचा दोस्त आहे. आता पत्ता कळलाच म्हणून समजा. मागच्या खेपेला हात मोडला माझा. आता पोरीला घेऊन जाईन म्हणतात."

"पोलिसांत जाऊन ये परत."

"तिथं काय सांगतात ठाऊक आहे ना? घरातलं घरात मिटवा."

"मग जाशील कुठं? रस्त्यावर? ठेव त्या पिशव्या. जिन्याच्या दाराला लोखंडी जाळी आहे, कुलूप आहे. किल्ली तुझ्याकडे नि माझ्याकडे. मी जिवंत असेपर्यंत तो वर पाऊल ठेवत नाही."

बोलली खरी, पण खाली आल्यावर तिनं स्वतःच फाटकाची कडी दोनदा तपासली. पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती दवाखान्यात, वर ह्या दोघी, आणि त्यांच्या समोरची जागा रिकामी. कोणी ओरडलं तरी ऐकणार कोण? तिला भाड्याची पडलेली नव्हती. तिला समोरच्या दारात एक भरवशाचं माणूस हवं होतं. ते काही केल्या मिळत नव्हतं आणि ती मनातून पार धास्तावली होती.

दोन-तीन दिवसांनी एजंट पुन्हा आला. ह्या वेळी त्याच्याबरोबर पांढऱ्या केसांची, काटकुळी बाई होती. हातात कापडी पिशवी.

"ह्यांना तरी उन्हात उभं करू नका," एजंट म्हणाला. "उभ्या जागी कोसळतील."

मालकिणीलाच ओशाळल्यासारखं झालं. शिवणवाली कामावर होती, मुलगी बालवाडीत. आणि म्हाताऱ्या बाईला कसला आलाय टॉवेल? तिनं तिला सरळ आत नेलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

"एकट्याच राहणार?"

"मुलगा आहे एक. पण घरात थांबवत नाही आता. राग फार वाईट त्याचा."

"हात उचलतो?"

बाईनं बाही मनगटापर्यंत ओढली. "रागाच्या भरात माणूस काय करतो, त्याचं त्याला तरी कुठं कळतं?"

मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस शोधत होते ते माणूस हेच, असं तिला वाटलं. ज्याचं जळतं त्यालाच हे कळणार. तिनं मग काही हातचं राखून ठेवलं नाही. समोर कोण राहतं, का राहतं, सगळं सांगितलं.

"मी नसेन तेव्हा जरा लक्ष ठेवाल त्या दोघींवर?"

"ठेवीन की," बाई म्हणाली. "मला झोप तशीही कमीच."

"कधी येताय मग?"

"रविवारी येते."

त्या रात्री शिवणवालीनं भरलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या. "बाईमाणूस आहे ना? म्हातारं? मग बरं झालं, काकू," असं म्हणत ती हसली आणि हसता हसता रडली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पण बाई शनिवारी दुपारीच हजर झाली. मालकीण दवाखान्याची बॅग भरत होती. शिवणवाली अर्थातच कामावर होती आणि मुलगी मालकिणीकडे आतल्या खोलीत झोपली होती.

"उद्या येणार होतात ना?"

"टेम्पो आजच मिळाला. येतोय मागून. तुमची गैरसोय नाही ना?"

"छे हो! उलट माझीच काळजी मिटली."

मालकिणीनं जागेची किल्ली तिच्या हातात ठेवली. मग जिन्याच्या जाळीचीही ठेवली. बाईनं दोन्ही किल्ल्या मुठीत घेतल्या आणि खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

"आलं वाटतं सामान," मालकीण म्हणाली आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत फाटक सताड उघडायला गेली. कडी काढताना तिला मागून घरात पावलांचा आवाज ऐकू आला. मुलगी उठली होती. मालकिणीनं वळून पाहिलं, तर पोर डोळे चोळत दारात उभी होती. पोरीनं मागोमाग अंगणात आलेल्या त्या बाईकडे पाहिलं, तिचा चेहरा एकदम फुलला आणि ती धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली.

"आजी! बाबा पण आलेत?"