काळ्याचा हात पुरत नाही

बसा मंडळी, काळ्याची गोष्ट सांगतो. काळ्या म्हणजे चंद्रपूरच्या पार्कातला, प्रयोगशाळेत अंड्यातून काढलेला मांसखाऊ डायनासोर. घराएवढं धूड, सुरीसारखे दात, कपाळावर शिंगाचं टेंगूळ, अन् हात मात्र वीतभर. एकदा तो भिंतीवर डोकं आपटायला लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिसाळलाय. उद्या इंजेक्शन देऊन संपवू."

जन्मभर म्हशी राखलेला दसरू तिथं राखणदार. तो म्हणाला, "बाई, गोचिड्या झाल्यात शिंगाखाली. तुमचा हात पोचतो, त्यानं कशानं खाजवायचं?"

त्यानं जाळीतून लांब दांड्याचा खराटा घातला अन् खसाखसा घासलं. काळ्यानं डोळे मिटले, म्हशीगत मान लांब केली. इंजेक्शन राहिलं.

आता दसरूचे खांदे दुखतात. खराटा जाळीलाच टांगलाय. बघायला गेलात, तर तेवढं कपाळ खाजवून या.